'थांबा' म्हणणाऱ्याचा साहेब कोण? संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या मंजुरीने नुकतंच निघालेलं एक परिपत्रक माझ्यासमोर आहे. त्यात चार ओळींचा एक निर्णय आहे. सुरक्षा विभाग यापुढे स्वतंत्र राहणार नाही. तो उत्पादन विभागात विलीन होईल आणि सर्व सुरक्षा अधिकारी आपापल्या प्लांटच्या उत्पादन प्रमुखांच्या हाताखाली काम करतील. कारण दिलंय 'कामकाजाचं सुसूत्रीकरण'. सुरक्षा अधिकारी किती उरणार, मशीन थांबवण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, याबद्दल अवाक्षर नाही. हा निर्णय मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

मी याच विभागात नोकरीची बहुतेक वर्षं काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं-मुली आज वेगवेगळ्या शेडमध्ये सुरक्षेचं काम बघतात. परिपत्रक आल्यावर त्यांच्यातल्या काहींनी मला विचारलं, मॅडम, आता आम्ही करायचं काय? त्यांना उघड बोलता येत नाही, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्याच हातात आता त्यांची पगारवाढ जाणार आहे. मला बोलता येतं. हेच सगळं मी आधी कंपनी सचिवांकडे लेखी दिलं होतं. पोच आली, उत्तर आलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि असला निर्णय दुसऱ्या कुठल्याही कंपनीने घेतला असता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

आधी एका मशीनबद्दल सांगते.

पॉवर प्रेसवर दोन बटणं असतात, दोन हातांसाठी दोन. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात डायमध्ये असू शकत नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. एकदा रात्रपाळीला मी प्रेस शॉपमध्ये गेले तेव्हा एका जुन्या प्रेसचं डावं बटण चिकटपट्टीने दाबून बसवलेलं होतं. पट्टीच्या कडा तेलाने काळ्या पडल्या होत्या आणि तिच्यावर दुसरी, नवी पट्टी होती. म्हणजे हा एका रात्रीचा प्रकार नव्हता. कामगार उजव्या हाताने बटण दाबत होता आणि डाव्या हाताने पत्रा आत सरकवत होता. मी त्याला मशीन बंद करायला सांगितलं. त्याने आधी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर तासाचं टार्गेट लिहिलेलं होतं.

मी नंतर घड्याळ लावून हिशेब केला. पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, दोन्ही बटणं दाबायची, तयार भाग काढायचा. हे सगळं नियमाप्रमाणे केलं तर फळ्यावरचा आकडा गाठताच येत नव्हता. आकडा वाढला तेव्हा मशीन तेच होतं आणि माणसंही तेवढीच होती. ग्राहकाला कबूल केलेल्या तारखेवरून प्लांटचं महिन्याचं टार्गेट ठरलं, त्यावरून शिफ्टचं आणि शिफ्टवरून तासाचं. पट्टी लावणारा हात कामगाराचा होता. पण ती लावल्याशिवाय काम होणार नाही अशी परिस्थिती तयार झाली ती आपल्या बैठकीतल्या टेबलावर, आणि त्या टेबलाशी बसलेल्या एकालाही त्याची कल्पना नव्हती. आपण वाईट माणसं आहात असं मी म्हणत नाही. ज्याला हे दिसतं त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचण्याचा रस्ता आपणच बंद करत आहात, ही माझी तक्रार आहे.

त्या रात्री मी प्रेस बंद करू शकले, कारण उत्पादन प्रमुख माझे साहेब नव्हते. मुख्य स्विचला कुलूप आणि लाल टॅग लावला, आणि माझा अहवाल त्यांच्या सहीविना थेट मुख्य कार्यालयात गेला. ते चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, पण टार्गेट खाली आलं. आपल्या नव्या रचनेत तोच अहवाल सुरक्षा अधिकाऱ्याला त्यांच्याकडेच द्यावा लागेल, आणि त्यांचा बोनस त्याच फळ्यावरच्या आकड्यावर ठरतो.

हा निर्णय मला इतका गंभीर का वाटतो, ते आता सांगते.

पहिला मुद्दा अधिकाराचा. तपासणाऱ्याने ज्याचं काम तपासायचं त्याच्याच हाताखाली राहायचं, याचा परिणाम काय होतो हे जगाने फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. 28 जानेवारी 1986 रोजी 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायकॉल कंपनीचे इंजिनिअर दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगत होते की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत, उड्डाण करू नका. त्यातल्या रॉजर बॉइजोली यांनी तर आधीच्या जुलैमध्येच लेखी इशारा दिला होता. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. कंपनीच्या व्यवस्थापकांनी फोन बाजूला ठेवून आपसात चर्चा केली. इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षांना त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं, आता इंजिनिअरची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची टोपी घाला. मग चार व्यवस्थापकांनी मत दिलं. ज्यांना ते सांधे सर्वांत जास्त कळत होते त्या इंजिनिअरांना मत विचारलंच नाही. कंपनीचेच वरिष्ठ अधिकारी अॅलन मॅकडोनल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला, तेव्हा सही दुसऱ्या वरिष्ठाने केली.

ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यानंतर जे झालं त्याची चर्चा कमी होते, आणि मला आपलं लक्ष तिकडे वेधायचं आहे. चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने आपल्या अहवालात सुरक्षा यंत्रणेवर एक वेगळं प्रकरणच लिहिलं. सुरक्षा आणि गुणवत्ता पाहणारी माणसं ज्यांचं काम तपासायची त्यांच्याच अखत्यारीत होती, असा दोष त्यांनी दाखवला. शिफारस केली की सुरक्षेसाठी स्वतंत्र कार्यालय असावं आणि त्याच्या प्रमुखाने थेट नासाच्या सर्वोच्च प्रशासकाला उत्तर द्यावं. कार्यालय झालं. तरी 1 फेब्रुवारी 2003 रोजी 'कोलंबिया' यान परतीच्या वाटेवर नष्ट झालं, आणखी सात जण गेले, आणि त्या चौकशी मंडळालाही पुन्हा लिहावं लागलं की सुरक्षेच्या माणसांना खरं स्वातंत्र्य नव्हतं, वेळापत्रकाच्या दडपणाखाली त्यांचा आवाज चालला नाही. स्वातंत्र्य कागदावर देऊनही टिकवणं एवढं अवघड असतं. आपण तर ते कागदावरूनही काढून टाकत आहात.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. आपल्या वार्षिक अहवालात पानभर मोठं शून्य छापलेलं असतं: वर्षभरात एकही अपघात नाही. ज्या वर्षीच्या अहवालात ते शून्य होतं, त्याच वर्षी एका कंत्राटी मुलाची दोन बोटं आपल्या आवारात, आपल्या मशीनमध्ये गेली. त्याला दवाखान्यात नेताना मी सोबत होते. रस्ताभर तो एकच विचारत होता, "मॅडम, ठेकेदार काढणार तर नाही ना?" त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत होती, म्हणून त्याचा अपघातही ठेकेदाराच्या वहीत गेला. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं कवच, दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि परत बसवलेला नव्हता, हे माझ्या टिपणात होतं. अंतिम अहवालात ते वाक्य आलं नाही. मी हरकत नोंदवली, ती फाइलमध्ये आहे. आपल्यापैकी कोणी ती फाइल मागवली तर हरकत आजही सापडेल.

शून्याच्या नादी लागून काय होतं याची उदाहरणं याच शतकातली आहेत. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सस सिटी इथल्या बीपी या तेल कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन 15 जण मेले. ते सगळे कंत्राटदारांचे कामगार होते. नंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीने 2007 मध्ये दाखवून दिलं की माणसांना होणाऱ्या किरकोळ इजांचे आकडे कमी झाले म्हणजे कारखानाच सुरक्षित झाला, अशी समजूत कंपनीने करून घेतली होती. पुढे 20 एप्रिल 2010 रोजी 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या तरंगत्या तळावर स्फोट झाला आणि 11 जण गेले. त्याच दिवशी बीपी आणि तळाची मालक असलेल्या ट्रान्सओशनचे वरिष्ठ अधिकारी तळावर आले होते. कामाचा दिवस बुडेल अशी एकही दुखापत सात वर्षांत झाली नाही, या कामगिरीचं कौतुक हा त्यांच्या भेटीचा एक भाग होता. आकडा खोटा असेलच असं नाही. पण तो पायऱ्यांवरून घसरणारी माणसं मोजत होता. विहिरीतून वर येणारा वायू त्या आकड्यात कुठेच नव्हता.

आणि कंत्राटी माणसाचं काय? 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि 1,134 माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते, इमारत रिकामी केली होती. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. तडे एकच, इमारत एकच. जगभरातले ब्रँड त्या कपड्यांचे मालक होते, त्या माणसांचे नव्हते. ती आमच्याकडे नोकरीला नाहीत, असं म्हणायची सोय असली की कुठलाही तडा चालवून घेतला जातो. आपल्या शेडमध्ये निम्म्याहून जास्त माणसं ठेकेदाराची आहेत. सुरक्षा विभाग उत्पादनाखाली गेला की त्यांच्या बाजूने बोलणारं उरलंसुरलं माणूसही जाईल.

तिसरा मुद्दा बोनसचा, आणि इथे मला आपल्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण नीतिमूल्यांवरच्या भाषणांत हा विषय कधीच येत नाही. कंपनीची मूल्यं स्वागतकक्षात काचेवर लिहिलेली आहेत: सचोटी, माणुसकी, पारदर्शकता. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती वाचून दाखवतात. पण माणूस काचेवरचं वाचून वागत नाही, ज्यासाठी पैसे मिळतात आणि ज्यासाठी बोलणी बसतात ते बघून वागतो. वेल्स फार्गो या अमेरिकेतल्या मोठ्या बँकेचीही मूल्यं छापलेली होती. पण प्रत्येक ग्राहकाला जास्तीत जास्त खाती आणि कार्डं विकण्याचं टार्गेट शाखांवर होतं. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली. 2016 मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा बँकेला 18.5 कोटी डॉलर दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत बँकेने साधारण 5,300 कर्मचाऱ्यांना याच कारणाने कामावरून काढलं होतं. इतकी माणसं एकाच प्रकारे चुकतात तेव्हा त्या सगळ्यांचा स्वभाव एकदम बिघडलेला नसतो. टार्गेट चुकलेलं असतं. पण टार्गेट ठरवणाऱ्यांपर्यंत बोट पोचायला वेळ लागला आणि काउंटरवरच्या माणसाची नोकरी आधी गेली.

आपल्या नव्या योजनेत प्लांट प्रमुखांच्या बोनसचा मोठा हिस्सा उत्पादनावर आहे आणि थोडा 'शून्य अपघात' या निकषावर. वरवर पाहता दुसरी गोष्ट चांगली वाटेल. मी सांगते ती काय करते. बोट कापलं तर नोंद करू नका, दुखावलेल्याला ऑफिसात बसवून ठेवा, रजा लावू नका, असे निरोप खाली जातात. अपघात कमी होत नाहीत, अपघाताची नोंद कमी होते. अपघात होता होता टळला तर त्याची नोंद करणारा माणूस कंपनीवर उपकार करत असतो, कारण पुढच्या वेळी काय होणार आहे ते तो फुकट सांगतो. आपल्या रचनेत तोच माणूस सगळ्या शेडचा बोनस बुडवणारा ठरतो.

चौथा मुद्दा खर्चकपातीचा. विलीनीकरणाने 'दुहेरी खर्च' वाचेल असं परिपत्रकात म्हटलंय. सुरक्षेवरचा खर्च नेहमीच दुहेरी दिसतो, कारण जे घडलं नाही त्याचं बिल येत नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. तो वायू ज्या टाक्यांत द्रवरूपात साठवला होता त्या थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा पाइपाच्या दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणाही त्या लोंढ्यापुढे पुरी पडली नाही. आधीच्या काळात माणसंही कमी केली होती. यातला एकेक निर्णय सुटा पाहिला तर कागदावर समजूतदार दिसला असेल: कारखाना तोट्यात आहे, उत्पादन थांबलेलं आहे, मग थंड ठेवायला खर्च कशाला? हजारो माणसं मेली, आणि पुढच्या पिढ्याही ते भोगताहेत. मला आपली तुलना त्या कंपनीशी करायची नाही. एवढंच सांगायचंय की अशा निर्णयांच्या वेळी कोणाच्याही मनात माणसं मारायचं नसतं. एकेक ओळ खर्च कापला जातो आणि सगळ्या ओळी एकत्र वाचण्याचं काम ज्याचं, तो आधीच कापलेला असतो.

पाचवा मुद्दा सामाजिक जबाबदारीचा. आपण शाळांना संगणक दिलेत, झाडं लावलीत, आरोग्य शिबिरं घेतलीत. ही कामं खरी आहेत, त्यातली काही मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ती नफा झाल्यानंतरची कामं आहेत. भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 135 आहे. ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी असं ते सांगतं. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च त्यात धरता येत नाही. प्रेसला बसवलेला गार्ड सामाजिक जबाबदारीच्या अहवालात येत नाही तो म्हणूनच, आणि हे बरोबरच आहे, कारण ते दान नाही, देणं आहे. त्याच कायद्यातलं कलम 166 मात्र कुठल्याच पुरस्कार समारंभात ऐकू येत नाही. संचालकाने कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक आणि समाज यांचं हित पाहून आणि पर्यावरणाचं रक्षण होईल अशा रीतीने सद्भावनेने काम करावं, असं ते म्हणतं. ब्रिटनच्या 2006 च्या कायद्यातलं कलम 172 सुद्धा संचालकांना निर्णयाचे दूरवरचे परिणाम आणि कर्मचाऱ्यांचं हित लक्षात घ्यायला सांगतं. म्हणजे जबाबदारी निर्णय घेतानाच सुरू होते. उरलेल्या 98 टक्क्यांचा नफा कसा आला हा प्रश्न 2 टक्के वाटून मिटत नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की कंपनीचं काम नफा कमावणं, बाकी सगळं सरकारचं. यासाठी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा 1970 चा लेख पुढे केला जातो. त्या लेखात त्यांनी घातलेली अट मात्र सांगायची राहून जाते: समाजाचे मूलभूत नियम पाळून, कायद्यात लिहिलेले आणि नैतिक रीतीत रुजलेले, दोन्ही. बोट कापलेल्या मुलाचं नाव दुसऱ्याच्या वहीत ढकलणं यातल्या कुठल्या नियमात बसतं?

आणि नफा बुडतो हेही खरं नाही. पॉल ओनील 1987 मध्ये अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्या भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेबद्दल बोलले. ऐकणारे चक्रावले. कोणालाही दुखापत झाली तर 24 तासांत ती बातमी त्या विभागाच्या प्रमुखाने स्वतः त्यांना कळवायची आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं, असा नियम त्यांनी घातला. खालच्या माणसाचं ऐकल्याशिवाय 24 तासांत असं उत्तर देता येत नाही, म्हणून वरपर्यंत बोलणं सुरू झालं. त्यांच्या काळात दुखापती खूप घटल्या आणि नफा वाढला. 1982 मध्ये शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जण मेले, तेव्हा ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातल्या साधारण 3 कोटी 10 लाख बाटल्या परत घेतल्या. खर्च 10 कोटी डॉलरच्या वर गेला आणि विष कंपनीने घातलेलं नव्हतं. त्याच कंपनीवर पुढे दुसऱ्या उत्पादनांबाबत मोठे खटले झाले, म्हणून मी कौतुक करते ते कंपनीचं नाही, त्या एका निर्णयाचं. चांगलं वागण्याचा दाखला एकदा मिळाला की कायमचा पुरत नाही. पुढच्या प्रत्येक बैठकीत तो नव्याने मिळवावा लागतो.

आता माझ्या मागण्या. त्या मी शक्य तितक्या साध्या शब्दांत लिहिते, म्हणजे 'विचाराधीन आहे' असं उत्तर द्यायला जागा राहणार नाही.

1. विलीनीकरणाचा निर्णय मागे घ्या. सुरक्षा प्रमुखाने स्वतंत्र संचालकांच्या समितीला उत्तर द्यावं. त्याची नेमणूक, पगार, बढती आणि बडतर्फी या चारही गोष्टी त्या समितीच्या हातात असाव्यात. यातली एकही उत्पादनाकडे राहिली तर बाकीच्या तिन्हींना अर्थ राहत नाही.

2. गेटच्या आत ज्याला इजा होईल तो आपला माणूस. ठेकेदाराचा असो, माल उतरवणारा ड्रायव्हर असो, शिकाऊ मुलगा असो. वार्षिक अहवालात ही सगळी नोंद एकत्र छापा. मागच्या अहवालातलं शून्य दुरुस्त करा.

3. 'शून्य अपघात' हा निकष बोनसमधून काढा. त्याऐवजी टळलेल्या अपघातांच्या किती नोंदी आल्या आणि त्यांतल्या किती ठिकाणी खरोखर दुरुस्ती झाली हे बघा.

4. कुठलंही टार्गेट वाढवण्याआधी, सगळे गार्ड जागेवर ठेवून आणि नियम पाळून ते काम तेवढ्या वेळात होतं का, याची शेडमध्ये प्रत्यक्ष चाचणी घ्या. चाचणीच्या वेळी मशीन चालवणारा कामगार आणि सुरक्षा अधिकारी दोघांच्या सह्या घ्या. सुरक्षा अधिकाऱ्याने हरकत घेतली आणि तरी आपण निर्णय घेतला, तर ती हरकत बैठकीच्या इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत यावी, आणि निर्णयाच्या बाजूने कोणी मत दिलं त्यांची नावंही.

5. धोका दिसला तर काम थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला, कंत्राटी कामगारालाही, आणि त्या वेळेचा पगार न कापता. ही काही जगावेगळी मागणी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारात, गंभीर आणि तातडीचा धोका वाटून कामावरून बाजूला झालेल्या माणसाला त्याचे वाईट परिणाम भोगायला लागू नयेत असं म्हटलंय. 2022 मध्ये त्या संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्कांपैकी एक मानला. राणा प्लाझानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये झालेल्या, कायद्याने बांधून ठेवणाऱ्या करारातही हा हक्क आहे.

6. ज्या मुलाची बोटं गेली त्याची केस पुन्हा उघडा. 'निष्काळजीपणा' हा शेरा काढा, गार्डबद्दलचं वाक्य अहवालात परत घाला, आणि कंपनीच्या नियमित कामगाराला जी भरपाई आणि जे हलकं काम मिळालं असतं ते त्यालाही द्या. तो आता काम करत नाही. ठेकेदाराने त्याला पुढच्याच महिन्यात कमी केलं.

या सहांपैकी शेवटची मागणी पूर्ण करायला सर्वांत कमी खर्च येईल. ती आधी करा. त्यासाठी कुठलीही समिती नेमावी लागत नाही.

विलीनीकरण येत्या तिमाहीपासून लागू होणार आहे आणि वार्षिक सर्वसाधारण सभा त्याच्या आधी आहे. मी भागधारक म्हणून सभेला हजर राहीन आणि हे सहा प्रश्न क्रमाने विचारीन. सभेच्या आधी प्रत्येकाचं लेखी उत्तर मिळावं, हो किंवा नाही. नाही असेल तर कारण द्यावं. आपल्यापैकी ज्यांना शेडमध्ये येऊन स्वतः बघायचं असेल त्यांच्यासोबत मी कधीही येईन. फक्त येताना आधी कळवू नका, रात्रपाळीला या, आणि प्रेस शॉपपासून सुरुवात करा.

कळावे,

आपली नम्र,
सुरक्षा विभागातली एक निवृत्त अधिकारी आणि भागधारक

ता. क. या पत्राची प्रत कामगार संघटनेला आणि कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला दिली आहे. माझ्या हरकतीचं मूळ टिपण फाइलमधून गहाळ झालं असल्यास कळवावे, पोचेच्या शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे.